हरलेला रातकिडा पुन्हा कसा भिडतो : घरी करून पाहायचा प्रयोग

श्रावणात पाऊस जरा उघडला की ठाण्यातल्या आमच्या वर्तकनगरच्या सोसायटीत पंपाच्या खोलीमागून किरकिर सुरू होते. मी २१ वर्षं अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवलं. घाबरलं की छाती धडधडवणारं अ‍ॅड्रिनलिन मुलांना तोंडपाठ असायचं, पण ‘किड्यांना धडधडतं का?’ हे मला कुणी विचारलं नव्हतं. ते विचारलं सातवीतल्या माझ्या भाच्याने. त्याला उत्तर सांगण्याऐवजी दाखवावं असं वाटलं, आणि तेव्हापासून दर पावसाळ्यात आम्ही हा प्रयोग करतो.

दोन शब्द आधी. आपल्या शरीरात अ‍ॅड्रिनलिनचं भावंड नॉरअ‍ॅड्रिनलिन जे करतं, त्यातलं बरंचसं कीटकांत ऑक्टोपामाइन करतं. टायरोसिन या अमिनो आम्लापासून टायरामिन आणि त्यापासून हे, अशी साखळी. रेणूची ठेवणही जवळजवळ तीच, फक्त एक हायड्रॉक्सिल (OH) गट कमी. इटलीच्या व्हित्तोरिओ एर्स्पामेर यांना ते ऑक्टोपसच्या लाळग्रंथीत सापडलं, म्हणून हे नाव. टोळ उडायला लागला की त्याच्या स्नायूंना इंधन पुरवण्यात याचा हात असतो. काजव्याच्या दिव्याला ‘पेट’ हा निरोप मज्जातंतू याच रेणूने देतात.

आता रातकिडे. येऊरच्या जंगलातून आणू नका. तो राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे, तिथे काजवे फक्त बघायचे. सोसायटीतली कुंड्यांची ओळ किंवा भिंतीकडेची विटांची रास पुरते. आवाजाच्या दिशेने गेलात की किरकिर थांबते. तिथेच गुपचूप उभे राहा. ती परत सुरू झाली की टॉर्च टाका, स्टीलचा पेला उपडा घाला आणि खालून पोस्टकार्ड सरकवा. काळे, पंखांच्या मुळाशी दोन पिवळट ठिपके असलेले मिळाले तर उत्तम. नरच हवेत. मागे सुईसारखी लांब नळी दिसली तर ती मादी, तिला सोडा. एका वेळी साधारण सारख्या आकाराचे चार नर पुरतात. एक थोराड असला तर तोच जिंकणार आणि तुम्हाला काहीच कळणार नाही.

प्रत्येकाला दोन दिवस वेगळ्या डब्यात ठेवा. झाकणाला भोकं, आत अंड्याच्या ट्रेचा तुकडा, ओला कापूस, काकडीची चकती, चिमूटभर कणीक. एकटा राहिलेला नर जास्त भांडतो, म्हणून हे दोन दिवस चुकवू नका. खोलीत डासांची अगरबत्ती किंवा लिक्विड लावू नका. घरात कुत्रा असेल आणि त्याला गोचिडांच्या औषधाने आंघोळ घातली असेल, तर त्या दिवशी डब्यांना हातच लावू नका. त्या औषधांतलं अ‍ॅमिट्राझ नेमकं ऑक्टोपामाइनच्याच ग्राहींवर, म्हणजे पेशींवर त्याचा निरोप घेणाऱ्या जागांवर, जाऊन बसतं. ज्याचं काम बघायचं, त्याचीच नक्कल बाहेरून घातल्यासारखं होईल.

झुंजीसाठी पारदर्शक डबा, तळाशी वाळू, मध्ये पुठ्ठ्याची भिंत. दोन बाजूंना दोन नर सोडा, दोन मिनिटं शांत होऊ द्या, मग पुठ्ठा उचला. आधी मिशांनी मिशांना फटके, मग एक जण जबडे फाकवतो, मग दुसरा, मग जबड्यात जबडा अडकतो आणि ढकलाढकली. बहुतेकदा सगळं काही सेकंदांत संपतं. एक मागे फिरतो, दुसरा गाऊ लागतो. हाच क्षण : पुठ्ठा लगेच परत घाला. पाठलाग, पाय तुटणं होऊ द्यायचं नाही. दुसऱ्या जोडीचंही असंच करा आणि किती पायऱ्यांपर्यंत भांडले ते वहीत लिहा.

पंधरा मिनिटांनी दोन्ही हरलेल्यांना पुन्हा आपापल्या विजेत्यासमोर आणा. बहुतेक वेळा मिशा लागताच ते पळतात. ही भीती काही तास टिकते.

आता खरी गंमत. एका पराभूताला चादरीवर बसून ओंजळीतून हलकेच वीतभर वर उडवा आणि परत झेला, आठ-दहा वेळा. पाय जमिनीवरून सुटले की तो पंख फडफडवतो. तेच हवं आहे. दुसऱ्या पराभूताला नुसतं डब्यात बसू द्या. भाचा म्हणायचा, ‘मावशी, त्याला कशाला ठेवायचा?’ त्याच्यामुळेच तर कळतं की फरक उडण्याने पडला की नुसत्या वेळाने! पाच-दहा मिनिटांनी दोघांनाही परत समोर आणा. उडालेला पुष्कळदा जबडे फाकवून भिडतो, बसलेला पाठ फिरवतो. दर वेळी होईलच असं नाही, म्हणून पुढच्या खेपांना नवे नर घेऊन एकूण चार-पाच जोड्या करा आणि जे झालं तेच लिहा.

चीनमध्ये रातकिड्यांच्या झुंजी लावणारे हरलेल्या किड्याला असंच उडवत आले आहेत. हान्स हॉफमन आणि पॉल स्टीव्हन्सन या शास्त्रज्ञांनी २००० साली ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात दाखवलं की उड्डाणानंतर भांडण्याची उमेद खरोखर परत येते. पुढे स्टीव्हन्सन आणि सहकाऱ्यांनी ऑक्टोपामाइनचे ग्राही अडवणारं एपिनास्टिन दिलं, तेव्हा उडूनही ती परत येईना. उलट ऑक्टोपामाइनसारखं काम करणारं क्लोरडायमेफॉर्म दिल्यावर हरलेले न उडताच भिडले. भाच्याला मी हे मुद्दाम सांगितलं, कारण ओंजळीतल्या प्रयोगात आपल्याला वागणूक दिसते, रेणू नाही. रेणूचं नाव घ्यायचा हक्क त्या अडवून पाहिलेल्या प्रयोगामुळे मिळतो. शिकवताना ही दोन वाक्यं कधीही एकत्र करू नका.

संपलं की त्याच संध्याकाळी, जिथून आणले तिथेच सोडा, पण एकेकाला चार-पाच पावलं दूर. आमच्याकडे एक पंपाच्या खोलीमागे, एक पारिजातकाखाली, दोन सायकल स्टँडच्या कडेला.