पाठीवरचे फोड आणि प्रोटीनचा डबा

सांगलीत जिम लावली आणि रोज दोन स्कूप व्हे प्रोटीन सुरू केलं. दीड महिन्यात पाठ, खांदे दुखऱ्या फोडांनी भरले. रात्री उताणं झोपवेना. घाम, साबण, पावसाळी दमट हवा, सगळ्यांवर संशय घेतला. आई म्हणाली, "अरे, डबा आणल्यापासनंच सुरू झालंय की हे." तेच खरं निघालं.

त्वचेच्या डॉक्टरांनी समजावलं: व्हे दुधातूनच येतं. त्यानं इन्सुलिन आणि आयजीएफ-१ (शरीरातलं वाढीचं एक संप्रेरक) वाढतं, तेलग्रंथी जास्त तेल सोडतात, छिद्रं बुजतात. साखर, मैदा, चुरमुरे असं झटकन पचणारं खाणंही इन्सुलिन वाढवतं. म्हणजे माझं रोज संध्याकाळचं भडंगही त्यात आलं. ते कमी करणं डबा सोडण्यापेक्षा जड गेलं.

आता उकडलेली अंडी, मटकीची उसळ, फुटाणे, ज्वारीची भाकरी, चहा बिनसाखरेचा. सोबत फोडांवर बेंझॉइल पेरॉक्साइडचं मलम लावत होतो (टॉवेल पांढराच घ्या, रंग उडतो), त्यामुळे सगळं श्रेय जेवणाला देणार नाही. पहिले तीन आठवडे काहीच फरक नव्हता. नवे फोड थांबायला दोन महिने लागले. डाग अजून आहेत. सगळ्यांनाच असं होत नाही. माझा भाऊ तोच डबा घेतो, त्याची पाठ स्वच्छ आहे.