शिंगराचा ब्रीडर कोण, हे कसं ठरवायचं

अमेरिकेतल्या थरोब्रेड (शर्यतीच्या घोड्यांची जात) शर्यतींच्या निकालात विजेत्या घोड्याबरोबर मालक, ट्रेनर, जॉकी आणि ब्रीडर यांची नावं छापून येतात. पहिल्या तिघांबद्दल कोणी भांडत नाही. ब्रीडरच्या नावावरून मात्र दरवर्षी एक्लिप्स पुरस्कारांच्या (अमेरिकन घोडदौडीचे वार्षिक सन्मान) सुमारास कुरबुर सुरू होते. जोडी ठरवली एकाने, घोडी व्याली दुसऱ्याच्या मालकीत आणि शिंगरू वाढवलं तिसऱ्याने, तर श्रेय कोणाचं?

कागदावरचं उत्तर सोपं आहे. द जॉकी क्लब जे अमेरिकन स्टड बुक (थरोब्रेड घोड्यांची अधिकृत नोंदवही) सांभाळतो, त्याच्या नियमानुसार शिंगरू जन्मलं त्या वेळी घोडी ज्याच्या मालकीची, तो ब्रीडर. घोडी तेव्हा भाडेकरारावर असेल किंवा शिंगरांच्या वाटणीचा करार झालेला असेल, तर करारात ज्याचं नाव ठरलंय तो. स्टॅलियनच्या (घोडी फळवणाऱ्या नराच्या) मालकाला स्टड फी (फळवण्याचं शुल्क) मिळाली की त्याचा विषय संपला. घोडी ज्याच्या फार्मवर बांधली होती त्यालाही या रकान्यात जागा नाही.

खरी गोची तारखांमध्ये आहे. अमेरिकेत घोड्या फळवण्याचा हंगाम फेब्रुवारीच्या मध्यापासून जुलैच्या सुरुवातीपर्यंत चालतो, आणि घोडी सरासरी ३४० दिवस गाभण राहते. या अकरा महिन्यांच्या मधोमध केंटकीतल्या कीनलँडचा नोव्हेंबरचा मोठा लिलाव येतो, त्यात गाभण घोड्यांचीच मोठी उलाढाल होते. हातोडा पडला की घोडी विकत घेणाऱ्याची, आणि पोटातलं शिंगरूही त्याचंच. मार्चमध्ये घोडी व्याली की ब्रीडर म्हणून नाव लागतं ते नव्या मालकाचं. पेडिग्री चाळून स्टॅलियन निवडणारा आणि स्टड फीचा करार करणारा जुना मालक कागदावर कुठेच उरत नाही.

म्हणून एखाद्या घोड्याच्या ब्रीडरला किती श्रेय द्यायचं, हे ठरवायचं असेल तर जन्मतारखेपासून मागे मोजा. समजा शिंगराचा जन्म १० मार्च २०२० चा आहे. ३४० दिवस मागे गेलात की ५ एप्रिल २०१९ येतो, म्हणजे घोडी त्या सुमारास फळली. आता घोडीचा विक्रीचा इतिहास काढा. ती जानेवारी २०१९ मध्ये विकली गेली असेल तर जोडी नव्या मालकानेच ठरवली, श्रेय पूर्ण त्याचं. नोव्हेंबर २०१९ मध्ये विकली गेली असेल तर त्याने तयार गाभण घोडी घेतली. विक्री एप्रिलच्या आसपासच झाली असेल तर हा हिशेब पुरेसा नाही, कारण गाभणकाळ ३२० पासून ३६० दिवसांपर्यंत सहज मागेपुढे होतो. अशा वेळी अंदाजावर जाऊ नका. घोडी पुढे गाभण असताना लिलावात आलेली असेल तर त्या कॅटलॉगच्या पानावर शेवटच्या कव्हरची (फळवल्याची) तारीख आणि गाभण असल्याचा शेरा असतो, तो बघा.

गाभण घोडी घेणाऱ्याला फुकटा म्हणणंही बरोबर नाही. कॅटलॉगमधल्या शेकडो घोड्यांतून तीच त्याने निवडली. आणि बाळंतपणाचा धोका त्याच्या डोक्यावर असतो: शिंगरू आडवं आलं, वार आधीच सुटली, व्याल्यावर घोडीने पाजायला नकार दिला, तर नुकसान त्याचं. आमच्या हिशेबात अशा शिंगराचं श्रेय निम्मं धरावं. नियम बदलून जोडी ठरवणाऱ्याला ब्रीडर म्हणावं, ही मागणी मात्र पटत नाही. घोडीच्या मालकीला कागद असतो आणि जन्माला तारीख असते. स्टॅलियनची कल्पना मालकाची, मॅनेजरची की सल्लागाराची, याचा पुरावा कोण आणि कुठून देणार?

वाटणीचा करार

भागीदारीत शिंगरू काढायचं असेल तर ब्रीडर कोण हे घोडी व्यायच्या आधी, लेखी ठरवा. नमुना म्हणून सेक्रेटेरियट या गाजलेल्या घोड्याचं प्रकरण बघा. चेनरी कुटुंबाच्या मेडो स्टडच्या घोड्या फिप्स कुटुंबाच्या बोल्ड रूलर या स्टॅलियनकडे जायच्या, आणि होणारी शिंगरं नाणं उडवून वाटली जायची. नाणेफेक जिंकणाऱ्याने पहिल्या वर्षीच्या दोन शिंगरांतून आधी निवडायचं, हरणाऱ्याने दुसऱ्या वर्षीच्या. १९६९ साली ओग्डेन फिप्स जिंकले आणि त्यांनी समथिंगरॉयल या घोडीचं मादी शिंगरू घेतलं. पेनी चेनरींच्या वाट्याला पहिल्या वर्षीचं उरलेलं शिंगरू आणि समथिंगरॉयलच्या पोटातलं शिंगरू आलं. दुसरी घोडी सिकाडा त्या वर्षी गाभण राहिलीच नव्हती, त्यामुळे दुसऱ्या वर्षी निवडायला एवढं एकच होतं. ३० मार्च १९७० ला ते शिंगरू व्हर्जिनियात जन्मलं, आणि सेक्रेटेरियटच्या नावापुढे ब्रीडर म्हणून मेडो स्टड कायमचं लागलं. एक घोडी रिकामी राहिली तरी निवडीचा क्रम आधीच ठरलेला होता, म्हणून भांडण झालं नाही.

तुमच्या करारात निदान एवढं असू द्या: ब्रीडर म्हणून नेमकं कोणतं नाव जाणार, घोडी भाकड राहिली किंवा गाभ गेला तर पुढच्या हंगामाचं काय, आणि घोडी मध्येच विकली तर नव्या मालकावर हा करार बंधनकारक राहील का. शेवटचं कलम बहुतेक जण विसरतात. मग लिलावात घोडी जाते, नवा मालक करार मानत नाही, आणि जुना भागीदार वकिलाकडे धाव घेतो.

कागदपत्रं

घोडी ज्या हंगामात फळली त्या वर्षीच्या १ ऑगस्टपर्यंत स्टॅलियनवाला फळवलेल्या घोड्यांची यादी जॉकी क्लबला देतो. घोडी व्याल्यावर ३० दिवसांच्या आत तिच्या मालकाने जिवंत शिंगराची नोंद पाठवायची असते. शिंगरू झालं नसेल तरी तसं कळवायचं. या दोन्ही नोंदी जुळल्या की नोंदणीचा अर्ज तयार होतो. त्यापुढे आयाळीचे मुळासकट उपटलेले केस डीएनए तपासणीसाठी द्यायचे, अंगावरच्या खुणा आणि भोवरे नोंदवायचे, फोटो काढायचे आणि मायक्रोचिप बसवायची. २०१७ आणि त्यानंतर जन्मलेल्या शिंगरांना चिप सक्तीची आहे. स्टॅलियनवाल्याचा सर्व्हिस (फळवल्याचा) दाखलाही लागतो, आणि फळवणं नैसर्गिकच हवं. कृत्रिम रेतन किंवा भ्रूण प्रत्यारोपणाचं शिंगरू स्टड बुकात घेतलं जात नाही. हे सगळं जन्मापासून वर्षाच्या आत उरका, नंतर शुल्क वाढतं.

सही करण्याआधी अर्जातला ब्रीडरचा रकाना अक्षर न् अक्षर वाचा. गाभण घोडी घेतली असेल आणि मालकीबदल जॉकी क्लबला कळवायचा राहिला असेल, तर तिथे जुन्याच मालकाचं नाव दिसू शकतं. तेव्हा दुरुस्ती सोपी असते. शिंगरू यर्लिंग (साधारण वर्षाचं) म्हणून विकलं गेल्यावर, किंवा त्याहून वाईट म्हणजे शर्यत जिंकल्यावर, विक्रीचे कागद शोधत बसावं लागतं.

कॅटलॉग वाचताना आणखी एक घोटाळा होतो. पानाच्या वर मोठ्या अक्षरात ज्या फार्मचं नाव असतं, ते बहुतेक वेळा फक्त विक्रेत्या एजंटचं असतं. शिंगरू जन्मलं किंवा वाढलं ती जागाही वेगळी असू शकते. संडे सायलेन्स हा घोडा केंटकीच्या स्टोन फार्मवर वाढला, पण त्याचा ब्रीडर ओक क्लिफ थरोब्रेड्स.

पुरस्कारासाठी मत बनवताना

एक्लिप्स पुरस्कार १९७१ पासून आहेत. ज्या इंग्लिश घोड्याचं नाव त्यांना दिलंय, त्या एक्लिप्सचा ब्रीडर होता ड्यूक ऑफ कंबरलंड. शिंगरू १७६४ चं, ड्यूक १७६५ मध्ये गेला, आणि घोडा पळाला तो १७६९ पासून, दुसऱ्यांच्या मालकीत. ब्रीडरचं नाव तरी टिकलं.

ब्रीडरची बक्षीस-कमाईची यादी हातात आली की एकूण आकड्यावर थांबू नका. ज्याच्या शेकडो घोड्या व्यातात, त्याची कमाई मोठी असणारच. त्या वर्षी पळालेल्या घोड्यांच्या संख्येने कमाईला भागा, मग ग्रेडेड स्टेक्स (दर्जा ठरलेल्या मोठ्या शर्यती) जिंकणारे किती आणि त्यांत ग्रेड १ चे (सर्वांत वरच्या दर्जाचे) किती, ते वेगळं काढा. फ्रँक स्ट्रोनाक यांच्या ॲडेना स्प्रिंग्जने मोठ्या संख्येच्या जोरावर ब्रीडरचा एक्लिप्स पुरस्कार अनेकदा नेला. उलट २०१७ मध्ये तो क्लिअरस्काय फार्म्सला मिळाला, मुख्यतः ॲरोगेट आणि एबल टॅस्मन या दोन घोड्यांमुळे. ॲरोगेटला यर्लिंग असताना ५,६०,००० डॉलरला घेतलं ते जडमॉन्ट फार्मने, जे एरवी स्वतःच पैदा केलेले घोडे पळवण्यासाठी ओळखले जातात.

विकलेला घोडा दुसऱ्या मालकाच्या रंगात जिंकला म्हणून ब्रीडरचं श्रेय कमी करू नका. जॉन हेन्री हा घोडा यर्लिंग असताना ११०० डॉलरला गेला, तरी १९८१ चा ब्रीडर पुरस्कार गोल्डन चान्स फार्मलाच मिळाला. घोड्याची किंमत ओळखता आली नाही ही वेगळी गोष्ट. केन आणि सारा रॅमसी यांचं उदाहरण दुसऱ्या टोकाचं: २०१३ मध्ये स्वतःच्या किटन्स जॉय या स्टॅलियनच्या संततीच्या बळावर त्यांनी मालक आणि ब्रीडर असे दोन्ही पुरस्कार घेतले. तिथे जोडी, जन्म आणि संगोपन एकाच हातात असल्याने निम्मं-अर्धं करायची वेळच येत नाही.

यादीतली नावं जोडून बघायला विसरू नका. एकच माणूस काही शिंगरं स्वतःच्या नावावर, काही एलएलसीच्या (स्वतःच्या कंपनीच्या) नावावर आणि काही भागीदाराबरोबर नोंदवतो, आणि कमाईच्या यादीत ती तीन वेगळी खाती होतात. एकत्र केली तर पहिल्या पाचांत बसणारा माणूस तुकड्यांमुळे विसाव्या नंबरवर दिसतो. तुम्ही स्वतः ब्रीडर असाल तर पहिल्या शिंगरापासून एकच नाव, एकाच स्पेलिंगने वापरा, कारण फार्मचं नाव बदललं तरी जुन्या शिंगरांवर जुनंच नाव राहतं.