आपल्या प्रभागातील पदपथ, चौक किंवा उद्यानाचे काम महापालिकेच्या अंदाजपत्रकात कसे आणावे

पुणे महापालिकेने २००६ मध्ये अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून थेट कामे सुचवून घेण्यास सुरुवात केली. पदपथ, बाके, पथदिवे, बसथांबे, स्वच्छतागृहे अशी प्रभाग पातळीवरची छोटी कामे या मार्गाने सुचवता येतात. तरीही अनेक अर्ज मागे पडतात. माझ्या मते त्याचे कारण निधीची टंचाई हे क्वचितच असते. जागा नेमकी कोणती, ती कोणाच्या ताब्यात आहे आणि काम कोणत्या खात्याने करायचे, हे अर्जातून कळत नाही, हेच खरे कारण असते.

म्हणून सुरुवात जागेच्या मालकीपासून करावी. रस्त्याकडेची मोकळी जागा महापालिकेचीच असते, असे नाही. ती एखाद्या सोसायटीची, लष्कराची, रेल्वेची किंवा पाटबंधारे खात्याचीही असू शकते. विकास आराखड्यात त्या जागेवर कोणते आरक्षण आहे हे पाहावे आणि ताब्याविषयी शंका असल्यास क्षेत्रीय कार्यालयात लेखी विचारावे. उत्तर मिळत नसेल तर माहिती अधिकार अधिनियम, २००५ खाली दहा रुपये शुल्क भरून अर्ज करता येतो आणि त्यावर साधारणपणे ३० दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे.

त्यानंतरची पायरी जागेची पाहणी आणि मोजमाप ही आहे, आणि तिच्यासाठी दिलेला वेळ कधीच वाया जात नाही. सोबत मोजपट्टी, कॅमेरा आणि परिसरातील निरनिराळ्या वयाची चार-पाच माणसे असावीत. एकदा सकाळी शाळा भरण्याच्या वेळी आणि एकदा अंधार पडल्यावर फिरावे, कारण कोपऱ्यावरचा बंद दिवा दुपारच्या पाहणीत दिसत नाही आणि त्या कोपऱ्यावरून एकटीने जाणाऱ्या मुलीला मात्र तो रोज जाणवतो. भारतीय रस्ते काँग्रेस या रस्त्यांची मानके ठरवणाऱ्या संस्थेच्या पादचारी सुविधांविषयीच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार निवासी भागात पदपथावर किमान १.८ मीटर, तर व्यापारी भागात २.५ मीटर अडथळामुक्त रुंदी हवी, आणि पदपथाची उंची १५ सेंटिमीटरपेक्षा अधिक नसावी. पदपथाची एकूण रुंदी मोजून थांबू नये. विजेची पेटी, झाडाचा पार, जाहिरातीचा खांब आणि उभ्या केलेल्या दुचाकी वगळून चालण्यास किती जागा उरते, ते प्रत्येक अडथळ्यापाशी मोजावे. पथविक्रेत्यांना २०१४ च्या कायद्याचे संरक्षण आहे; त्यांना हटवल्यावरच शक्य होईल असा आराखडा न्याय्य नसतो आणि टिकतही नाही, त्यामुळे त्यांच्याशीही याच टप्प्यावर बोलावे.

पाहणीतून आलेल्या मागण्या खातेनिहाय वेगळ्या कराव्यात: पदपथ पथ विभागाकडे, दिवे विद्युत विभागाकडे, बाग उद्यान विभागाकडे. एकाच अर्जात सगळे कोंबल्यास तो एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरत राहतो. त्याच पट्ट्यात जलवाहिनी किंवा मलवाहिनीचे काम प्रस्तावित आहे का, हेही विचारून घ्यावे. नवे ब्लॉक बसवल्यावर लगेच खोदाई झाली, तर सार्वजनिक पैसा मातीत जातो.

आता निधीचा विचार. नागरिकांनी सुचवायच्या कामांसाठी पुण्यात एका कामाला पाच लाख रुपयांची मर्यादा ठेवली गेली आहे; अर्ज करण्यापूर्वी त्या वर्षीच्या जाहीर आवाहनातील रक्कम आणि मुदत पाहावी. हे आवाहन साधारणपणे ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास निघते, त्यामुळे पाहणी पावसाळ्यातच उरकलेली असावी. कनिष्ठ अभियंत्याला जागेवर बोलावून शासकीय दरसूचीनुसार पूर्वगणनपत्रक, म्हणजे कामाच्या खर्चाचा अंदाज, तयार करून घेण्याची विनंती करावी, कारण रक्कम मर्यादेबाहेर जात असेल तर कामाचे टप्पे पाडता येतात. जंगली महाराज रस्त्यावर झाली तशी संपूर्ण पुनर्रचना या मार्गाने होणार नाही. तिच्यासाठी पथ विभागाच्या मुख्य तरतुदीतच स्थान मिळवावे लागते.

याशिवाय प्रभागातील कामांच्या ‘स’ यादीसाठी नगरसेवकांना आणि स्थानिक विकास निधीसाठी आमदारांना निवेदन देता येते. कंपन्यांच्या सामाजिक उत्तरदायित्व निधीतून बागेतील बाके किंवा खेळणी मिळू शकतात, मात्र देखभाल कोण करणार याचा लेखी करार महापालिकेशी झाल्याशिवाय ती स्वीकारू नयेत.

अर्जाची पोच घ्यावी आणि प्रभाग समितीत तो विषय कधी येणार, हे विचारावे. पुढे आयुक्त अंदाजपत्रक स्थायी समितीला सादर करतात, समिती त्यात फेरबदल करते आणि मुख्य सभा त्याला मंजुरी देते. छापील अंदाजपत्रकात आपल्या कामाचे नाव आणि रक्कम स्वतः शोधावी. मात्र तरतूद झाली म्हणजे काम झाले, असे मानू नये. वर्ष १ एप्रिलला सुरू होते, आणि निविदा वेळेत निघाली नाही तर तो निधी वर्गीकरण करून दुसऱ्या कामाकडे वळवला जातो किंवा ३१ मार्चला व्यपगत होतो, म्हणजे न वापरताच संपतो. म्हणून जून, सप्टेंबर आणि डिसेंबरमध्ये कामाच्या स्थितीची लेखी विचारणा करावी.

काम सुरू झाल्यावर ठेकेदाराला दिलेल्या कार्यादेशाची प्रत मिळवून त्यातील मापे प्रत्यक्ष कामाशी ताडून पाहावीत. त्यात दोषदायित्वाचा कालावधी, म्हणजे कामातील दोष ठेकेदाराने दुरुस्त करून द्यायची मुदत, हीही पाहावी, ती संपण्याची तारीख सोसायटीच्या फलकावर लावावी आणि खचलेले ब्लॉक किंवा निखळलेल्या कडा यांची तक्रार त्या मुदतीत लेखी करावी, म्हणजे दुरुस्तीचा खर्च ठेकेदाराला करावा लागतो.