पीपीएफ लावायची? आधी जुन्या गाडीचे ओरखडे वाचा

इंदुरात पाडव्याला नाहीतर दसऱ्याला गाडी घ्यायची म्हटली की शोरूमच्या टेबलावर दोन कागद हमखास पुढे सरकतात. एक विम्याचा, दुसरा पीपीएफचा. पीपीएफ म्हणजे रंगावर चिकटवायची पारदर्शक फिल्म. "लावून टाका काका, ओरखडा पडणारच नाही," असं समोरचा मुलगा सांगतो. त्याचं वाक्य अर्धं खरं आहे. ओरखडा पडायचा तो पडतोच, फक्त तो रंगाऐवजी फिल्मवर पडतो, आणि तेही फिल्म जिथे लावली असेल तिथेच. म्हणून सही करण्याआधी एक संध्याकाळ मागून घ्या आणि घरी जाऊन जुनी गाडी बघा. जुनी गाडी नसेल तर त्याच गल्लीत उभी राहणारी शेजाऱ्याची चालेल.

पहिली पायरी: ओरखडे मोजा

गाडी धुऊन, कोरडी करून, अंधारात मोबाइलचा टॉर्च तिरका धरा. प्रत्येक रेघेवरून नख हलकेच फिरवा. नखाला काहीच लागलं नाही, तर रेघ वरच्या पारदर्शक थरात आहे. नख अडकलं, तर ती खोल गेली आहे. रंगाखालचा प्रायमर किंवा पत्राच दिसत असेल, तर तो टवका. कागदावर गाडीचं वेडंवाकडं चित्र काढा आणि कुठे काय आहे याच्या खुणा करा.

मी हे आमच्या रामबागेतल्या नऊ वर्षं जुन्या हॅचबॅकवर केलं आणि जरा ओशाळलो. बॉनेटवर आणि टपावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेघा होत्या, शेकड्यांनी. या कोणी केल्या? रोज सकाळी बादली घेऊन येणारा भैया. चूक त्याची नाही, फडकं मीच दिलं होतं, जुन्या बनियनचं, आणि धुळीवर कोरडंच फिरवायला सांगितलं होतं. टवके जवळजवळ सगळे बॉनेटच्या पुढच्या काठावर आणि बंपरवर होते. ही आमच्या महू-मानपूरच्या फेऱ्यांची कमाई, ए.बी. रोडवर खडीच्या डंपरमागे राहिल्याची. डाव्या मागच्या दारावर स्कूटरच्या हँडलच्या उंचीला तीन चरे होते. सराफ्यात, म्हणजे रात्री खाऊगल्ली होणाऱ्या आमच्या सराफा बाजारात, खायला गेल्यावर जवळपासच्या गल्लीत गाडी लावली की हे होणारच. डिकीच्या काठावर सामान ओढल्याचे घासे होते, आणि चारही दारांच्या मुठींखाली नखांच्या चंद्रकोरी.

या कागदावरच अर्धा निर्णय होतो. फडक्याच्या रेघा, नखांचे घासे, सामान ओढल्याच्या खुणा आणि बहुतेक खडे फिल्म छान झेलते. स्कूटरचा नुसता निसटता स्पर्श असेल तर तोही. पण हँडल दाबून घासलं गेलं तर फिल्म फाटते, आणि पत्र्याला पोचा आला तर तो फिल्मखालीही येतोच. कोणी मुद्दाम किल्ली ओढली तर हात किती जड होता त्यावर सगळं अवलंबून. हलक्या हाताची किल्ली फिल्ममध्येच थांबते, रागाची किल्ली पत्र्यापर्यंत जाते. आणि खड्याचं गणित वेगाचं आहे: ६० च्या वेगाने लागणारा खडा १२० ला चौपट जोराने लागतो. शहरात वर्षानुवर्षं टिकलेली फिल्म हायवेवर एका टोकदार खड्याने भोसकली जाऊ शकते.

दुसरी पायरी: जाडी समजून घ्या

कारखान्यातून आलेल्या गाडीवर पत्र्याच्या वर गंजरोधक थर, प्रायमर, रंग आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट असे थर असतात. सगळे मिळून साधारण १०० ते १३० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा दहावा भाग. त्यातला क्लिअर कोट ४० मायक्रॉनच्या आसपास, डोक्यावरच्या केसापेक्षाही पातळ. पॉलिश करून रेघा 'काढतात' तेव्हा खरं तर हाच थर खरवडून रेघेच्या तळापर्यंत आणतात. दोन-चारदा झालं की संपलं.

चांगली फिल्म १५० ते २०० मायक्रॉनची असते, म्हणजे खालच्या सगळ्या रंगापेक्षा जाड. ती थर्मोप्लास्टिक पॉलियुरेथेनची, दुकानात 'टीपीयू' म्हणतात. या प्लास्टिकला ताण आणि मार दोन्ही सहन होतात. व्हिएतनाम युद्धात हेलिकॉप्टरच्या पात्यांच्या कडा वाळूने झिजू नयेत म्हणून अशी फिल्म वापरात आली. तिच्यावर एक अतिपातळ लवचीक थर असतो. बारीक रेघ या थरात पडली तर उष्णतेने तो पुन्हा सपाट होतो. मे महिन्यात इंदूरच्या उन्हात उभ्या गाडीच्या बॉनेटवर हात ठेववत नाही, तेवढी ऊब त्याला पुरते. थंडीत गरम पाण्याचा तांब्या ओता. 'स्वतःच भरून निघते' म्हणतात ते एवढंच. रेघ फिल्मच्या अंगात शिरली असेल तर उन्हाळा येवो की जावो, ती तिथेच राहते.

सिरॅमिक कोटिंग हे याला पर्याय म्हणून विकलं जातं. नाहीये. त्याची जाडी एक-दोन मायक्रॉन. त्याने पाणी घरंगळतं, धुणं सोपं होतं, चकाकी राहते. खडा थांबत नाही. डब्यावरचं '९एच' हे पेन्सिलीच्या शिशाने केलेल्या कठीणपणाच्या चाचणीचं माप आहे, किल्लीचं नाही.

तिसरी पायरी: नमुना मागा आणि छळा

दुकानदार नाराज झाला तर होऊ दे. फिल्मचा वीतभर तुकडा मागा. दोन्ही टोकांनी ओढून सोडा: टीपीयू ताणला जातो आणि बराचसा परत येतो. ताठ राहिला, पांढरट पडला किंवा ओढलेला तसाच राहिला तर तो पीव्हीसीच्या जातीचा असण्याची दाट शक्यता. 'टीपीएच' या नावाने विकलं जाणारं स्वस्त रूपही मुळात पीव्हीसीच, मऊ केलेलं. ते लवकर पिवळं पडतं आणि उन्हाने कडक होतं. मग तुकडा एखाद्या रंगवलेल्या पत्र्यावर चिकटवून पितळी ब्रशने घासा, वर गरम पाणी ओता. रेघा डोळ्यांसमोर विरल्या पाहिजेत.

जाडी विचाराल तेव्हा आणखी एक विचारा: ही नुसत्या फिल्मची आहे, की वरचा संरक्षक कागद आणि खालचा सोलून टाकायचा कागद धरून? '८ मिल' म्हणजे सुमारे २०० मायक्रॉन हे ऐकायला छान आहे, पण त्यातला काही भाग कचऱ्याच्या डब्यात जाणारा असू शकतो. रोलवरचा क्रमांक वॉरंटीच्या कागदावर लिहून घ्या. आणि तो कागद वाचा. वॉरंटी सहसा पिवळं पडणं, तडे जाणं, फुगे येणं, कडा सुटणं यांची असते. खड्याने पडलेल्या भोकाची नसते.

चौथी पायरी: कुठे लावायची

पूर्ण गाडीला चांगली फिल्म लावायला गाडीच्या आकाराप्रमाणे ढोबळमानाने ६०-७० हजारांपासून दोन लाखांपर्यंत खर्च येतो. दहा लाखांच्या गाडीवर एवढे घालावेत असं मला वाटत नाही. आमच्या घरात यावर एकमत नाही, मोठ्या भावाने लावली आहे.

माझ्या कागदानुसार मी एवढंच सांगेन: पुढचा बंपर, पूर्ण बॉनेट, आरसे, हेडलाइट, मुठींखालचे वाडगे, दारांच्या कडा, डिकीचा उंबरा. बॉनेट अर्धं करू नका. मध्ये फिल्मची कड राहते, तिच्यात धूळ साचते आणि दोन वर्षांत तिथे काळी रेघ दिसते. टपावर दगड येत नाहीत. तिथल्या रेघा फडकं बदलून थांबतात, आणि फडकं दीडशे रुपयांचं आहे.

गाडीचा एखादा भाग बाहेर पुन्हा रंगवलेला असेल तर ते आधी सांगा. कारखान्याचा रंग भट्टीत पक्का झालेला असतो. लांबीवर, म्हणजे पुटी भरून त्यावर, मारलेला रंग फिल्म काढताना तिच्याबरोबर सोलून येऊ शकतो. रंगीत फिल्मचा मोह होत असेल तर लक्षात ठेवा, आरसीवर गाडीचा रंग लिहिलेला असतो. रंग बदलणार असेल तर आधी आरटीओत विचारा. पारदर्शक फिल्मला हा प्रश्न येत नाही.

पाचवी पायरी: लावताना तिथे थांबा

जमेल तेवढं थांबाच. फिल्मच्या दर्जापेक्षा हात महत्त्वाचा. आधी गाडी धुतात, मग मातीच्या गोळ्यासारख्या क्ले बारने रंगात रुतलेले कण ओढून काढतात, रेघा असतील तर पॉलिश करतात. हे टाळलं तर आजच्या रेघा पुढची सात वर्षं काचेच्या कपाटात ठेवल्यासारख्या दिसतील. जागा बंद हवी. पंखा चालू असलेल्या उघड्या शेडमध्ये लावलेल्या फिल्मखाली धुळीचे कण हमखास अडकतात.

पत्र्यावर शाम्पूचं पाणी मारून फिल्म सरकवत जागेवर बसवतात, मग रबरी स्क्वीजीने पाणी बाहेर ढकलतात. कडांना अल्कोहोलचं पाणी मारून पकड आणतात, वळणावर हीट गनने ऊब देतात. यात विचारायचा एकच प्रश्न मोलाचा: फिल्म कापणार कुठे? संगणकावर गाडीच्या मापाचा नमुना असेल तर प्लॉटर नावाचं कापायचं यंत्र आधीच कापून देतं. नसेल तर कारागीर फिल्म गाडीवर पसरून कटरने कापतो, थेट रंगावर. हात कसलेला असेल तर काही होत नाही. त्या हॅचबॅकनंतरच्या माझ्या गाडीच्या बॉनेटवर बसला तो हात तसा नव्हता, हे मला सहा वर्षांनी कळलं. ते पुढे येईल.

गाडी ताब्यात घेताना बारीक पाण्याचे फुगे दिसले तर घाबरू नका, ते दोन-चार आठवड्यांत वाळून जातात. बोटाने दाबल्यावर हलत नाही आणि मध्ये ठिपका दिसतो तो फुगा नाही, धूळ आहे. ती तिथल्या तिथे दाखवा.

त्यानंतर

पहिला आठवडा गाडी धुवायची नाही. नंतर धुताना प्रेशरचा फवारा फिल्मच्या कडेवर जवळून मारू नका, हातभर अंतर ठेवा. मायक्रोफायबरचं फडकं, दोन बादल्या, एक शाम्पूची आणि एक फडकं खळबळायची.

पाणी कोणतं, हा इंदूरचा खास प्रश्न. नदीकाठच्या जळूदहून ७० किलोमीटर चढून येणारं नर्मदेचं पाणी एक दिवसाआड पिण्यापुरतं मिळालं तरी आपण खूश असतो, गाडीच्या वाट्याला बोअरचं येतं. ते जड असतं. उन्हात वाळलं की पांढरे क्षारांचे गोल उमटतात, आणि फिल्मवरही ते बसतात. सावलीत धुवा आणि लगेच टिपा. पक्ष्यांची विष्ठाही तशीच. उन्हात ती आम्लासारखी खाते, फिल्मवर डाग पडायला दोन दिवस पुरतात. फायदा इतकाच की खाल्लं ते फिल्मचं.

आणि डाग म्हटलं की पूजा आली. नव्या गाडीच्या बॉनेटवर ओल्या हळद-कुंकवाचं स्वस्तिक काढल्याशिवाय आई गाडीत बसत नाही. मोबाइलचं पारदर्शक कव्हर हळदीच्या बोटांनी पिवळं पडलेलं पाहिलं असेल ना? तेही बऱ्याचदा टीपीयूचंच असतं. स्वस्तिक काचेवर काढा, किंवा पूजा आधी आणि फिल्म नंतर. रंगपंचमीला गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, निघते तेव्हा राजवाड्याच्या वरच्या मजल्यांपर्यंत गुलाल उडतो. त्या दिवशी गाडी त्या बाजूला नेऊच नका. ओला रंग फिल्ममध्ये मुरला तर घासून निघत नाही.

शेवटची पायरी: काढणं

फिल्म पाच ते दहा वर्षं चालते. कडा पिवळ्या पडल्या, तडे दिसले की वाट पाहू नका. जुनी झालेली फिल्म तुकड्या-तुकड्यांनी निघते आणि गोंद रंगावर ठेवून जाते. काढताना ऊब द्यायची, कोपरा उचलायचा आणि पत्र्याला जवळजवळ समांतर ठेवून हळू ओढायचं. सरळ वर ओढलं तर रंगावर ताण येतो. घरी करू नका.

मी त्या गाडीच्या बॉनेटवरची फिल्म काढून घेतली तेव्हा दुकानातला मुलगा म्हणाला, "भिया, नया निकला है अंदर से." खरंच. शेजारच्या, फिल्म नसलेल्या फेंडरपेक्षा बॉनेट एक छटा गडद होतं. खड्याचा एक टवका होता, फिल्म फोडून आत गेलेला. आणि हेडलाइटच्या वर, काठाला समांतर, वीतभर लांबीची एक सरळ रेघ होती, कटरची. नखाला लागणारी.