युद्धातल्या जखमींना मदत पाठवायची असेल तर

दक्षिण सुदानमधल्या एका रुग्णालयात मी नऊ महिने ओटी (ऑपरेशन थिएटर) सिस्टर होते. सोलापूरला परत आल्यापासून ओळखीचे लोक विचारतात, "सिस्टर, औषधं गोळा करून पाठवू का?" कळवळ्यानं विचारतात, पण माझं उत्तर एकच असतं: औषधं पाठवू नका.

असं एक खोकं माझ्यासमोर उघडलं होतं. अर्ध्या वापरलेल्या गोळ्यांच्या स्ट्रिप्स, तिथं कुणालाच वाचता न येणाऱ्या भाषेतली सिरपं, तारीख उलटलेली मलमं. दोघंजण दुपारभर निवडत बसले आणि शेवटी सगळं खड्ड्यात जाळलं. बोस्नियात १९९२ ते १९९६ या काळात अशी निरुपयोगी औषधं सुमारे १७ हजार टन साचली होती.

पैसे पाठवा. ते कुठं जातात ते सांगते. गोळीची जखम आम्ही लगेच शिवत नाही. आत माती, कपड्याचे तुकडे गेलेले असतात. शिवली की आत पू धरतो. मेलेलं मांस कापून काढायचं, सलाईननं भरपूर धुवायचं, वर सैल, जाड गॉज ठेवायचा आणि चार-पाच दिवसांनी शिवायचं. दोन दिवस चालत आलेल्या एका आईनं मुलाच्या मांडीत लुगड्याची चिंधी कोंबून रक्त थांबवलं होतं. ती सलाईननं भिजवून भिजवून सोडवायलाच आम्हाला बराच वेळ लागला. त्या एका मांडीला किती गॉज, किती हातमोजे, भुलीचं किती केटामिन! आणि तिथली माती आपल्यासारखीच काळी. पावसाळ्यात गाडी रुतते, महिनोन्‌महिने सगळं विमानानं येतं. जनरेटरचं डिझेल वेगळंच.

म्हणून एकदम पाच हजार देण्यापेक्षा दरमहा पाचशे द्या. बातम्यांमधून युद्ध गेलं तरी जखमी येतच राहतात, आणि दरमहा येणाऱ्या पैशावर पुढच्या सहा महिन्यांची मागणी आधीच नोंदवता येते. "फक्त अमक्याच शहरासाठी" अशी अटही घालू नका. लढाई सरकते, तसा पैसाही सरकायला हवा.

कुणाला द्यायचे? जिची स्वतःची माणसं तिथल्या वॉर्डात काम करतात आणि जिचे लेखापरीक्षित हिशेब कुणालाही बघता येतात, अशा संस्थेला. रेड क्रॉसची आंतरराष्ट्रीय समिती आणि 'डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स' ही दोन नावं मी निःशंकपणे सांगते. परदेशी संस्थेला थेट पाठवायचे तर बँकेमार्फत पाठवा. त्यावर ८०जीची आयकर सवलत मिळत नाही. व्हॉट्सॲपवर रडणाऱ्या मुलाचा फोटो आणि खाली कुणाचा तरी यूपीआय क्रमांक आला, तर पैसे देऊ नका आणि फोटो पुढंही पाठवू नका. ते मूल कुणाचं तरी आहे.

नर्स, भूलतज्ज्ञ, सर्जन असाल तर स्वतः जाता येतं. १९३८ साली आमच्या सोलापूरचे डॉ. कोटणीस चीनला गेले, तेही लोकांनी जमवलेल्या निधीवरच. आता बहुतेक ठिकाणी किमान दोन वर्षांचा अनुभव आणि कामापुरतं इंग्रजी मागतात. फ्रेंच किंवा अरबी येत असेल तर उत्तमच. जाण्याआधी सरकारी रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत रात्रपाळ्या करा. बाळंतपणंही शिकून घ्या, कारण गोळीबार चालू असतानाही बायका अडतात, आणि त्या रात्री ओटीत तुम्हीच असता.