जुन्या बरण्या आणि रांजण: पारख, स्वच्छता आणि वापर

घराच्या वाटण्या होतात तेव्हा सागवानी पेटीवर सगळ्यांची नजर असते, आणि स्वयंपाकघरातल्या बरण्या, रांजण, मडकी मात्र अंगणात एका बाजूला काढून ठेवली जातात. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या घरी असेच झाले, आणि आजीची लोणच्याची बरणी, वरून तपकिरी व खाली पांढरट, मी भंगाराच्या ढिगातून परत आणली. तेव्हापासून अशी भांडी तपासण्याची जी पद्धत हाताला बसली, ती येथे सांगतो.

भांडे धुण्याआधी त्याची माती ओळखावी, कारण पुढचे सारे तिच्यावरच ठरते. भांडे कोरडे असताना पालथे करून बुडाच्या बिनझिलईच्या कडेवर पाण्याचा एक थेंब ठेवावा. थेंब लगेच जिरला तर ती कमी आचेवर भाजलेली सच्छिद्र माती आहे. तसाच राहिला तर ती सुमारे १२०० अंश सेल्सिअसला भाजून घट्ट झालेली चिनी माती आहे, जिच्या अंगात पाणी किंवा तेल मुरत नाही. नंतर भांडे उचलून बोटाच्या पेराने हलकेच वाजवावे. खणखणीत आवाज आला तर ते धड आहे. बद्द आवाज आला तर डोळ्यांना दिसत नसली तरी कुठेतरी चीर आहे असे समजावे.

झिलईकडे विशेष लक्ष द्यावे. कमी आचेवरच्या जुन्या भांड्यांच्या चकचकीत झिलईत पुष्कळदा शिसे असे, आणि लोणचे, चिंच, ताक यांसारखे आंबट पदार्थ ते शिसे ओढून घेतात. हे नुसत्या नजरेने कळत नाही. म्हणून थेंब जिरणाऱ्या मातीचे आणि आतून झिलई असलेले जुने भांडे खाण्याच्या वस्तूंसाठी वापरूच नये, मग ते कितीही देखणे असो. फ्रान्सच्या ग्रामीण स्वयंपाकघरातल्या जुन्या भांड्यांनाही हेच लागू पडते. तेथील नैऋत्य भागात बदकाचे मांस त्याच्याच चरबीत मंद आचेवर शिजवून ‘कॉन्फी’ करत, ते दोन कानांच्या मातीच्या बरणीत भरत आणि वर वितळलेल्या चरबीचा थर देत. आपण लोणच्यावर चार बोटे तेल ठेवतो, त्यामागचे कारणही तेच: हवा आत जाऊ नये. त्या बरण्यांना पिवळी किंवा हिरवी झिलई वरच्या अर्ध्या भागालाच असे. तळघरात गारव्यासाठी खालचा भाग जमिनीत पुरत, म्हणून तो कोराच ठेवत. पडवीत अर्धा पुरलेला आपला रांजण आठवला की ही रचना परकी वाटत नाही. अशा बरण्या आज शोभेसाठी विकत घेतल्या जातात आणि त्यांच्या नकलाही होतात. खऱ्या जुन्या भांड्याचे बूड वर्षानुवर्षे ओढल्यामुळे कमीजास्त झिजलेले असते, तर नव्या नकलेवरची झीज सगळीकडे सारखी दिसते.

आता स्वच्छता. चिनी मातीच्या बरणीला कोमट पाणी आणि साबण चालतो. उकळते पाणी एकदम ओतू नये, बरणी तडकते. खवट तेलाचा वास असेल तर खायचा सोडा घातलेले कोमट पाणी रात्रभर भरून ठेवावे, असे वास जाईपर्यंत करावे आणि मग उन्हात पूर्ण वाळवावी. झिलईवर जाळीसारख्या बारीक भेगा पडल्या असतील आणि त्या काळ्या झाल्या असतील, तर तिच्यात लोणचे घालू नये; कडधान्य भरावे.

साध्या मातीच्या मडक्याला आणि रांजणाला साबण लावू नये, कारण तो छिद्रांत शिरतो आणि पाण्याला वास लागतो. नारळाच्या काथ्याने आणि साध्या पाण्याने घासणे पुरेसे होते. मिठाच्या मडक्याच्या अंगावर पांढरी पूड फुटत असेल तर घाई करू नये. आत मुरलेले मीठ वाळताना स्फटिक होऊन बाहेर येते आणि मातीचे पापुद्रे सुटतात. असे मडके स्वच्छ पाण्यात बुडवून ठेवावे, दररोज पाणी बदलावे आणि पाणी खारट लागेनासे झाल्यावर सावलीत हळूहळू वाळवावे. आमच्याकडच्या एका मडक्याला जवळजवळ तीन आठवडे लागले.

चिरलेल्या भांड्यात सिमेंट भरण्याचा मोह टाळावा. ते मातीपेक्षा कठीण असल्याने चीर पुढे सरकते. गळ्याखाली सुतळीचे दोन-तीन घट्ट वेढे द्यावेत आणि भांडे कोरड्या वस्तूंसाठी ठेवावे. झिलई नसलेल्या चिरक्या रांजणात तूरडाळ छान राहते, मात्र ती उन्हात कडक वाळलेली असावी आणि वर वाळलेल्या कडुनिंबाच्या पाल्याचा थर द्यावा. भांडे थेट फरशीवर न ठेवता चुंबळीवर ठेवावे.

धड निघालेल्या बरणीत लोणचे घालायचे असेल तर आदल्या दिवशी ती कडक उन्हात तापवावी, पूर्ण थंड झाल्यावरच भरावी आणि तोंडाला स्वच्छ सुती कापडाचा दादरा बांधावा.