नव्या गाण्यांचा दर्जा खरोखर घसरला आहे का, हे कसे पारखावे

‘पूर्वीसारखी गाणी आता होत नाहीत’ असे म्हणण्याआधी तुलना न्याय्य करून घ्यावी. पुण्याच्या जुन्या बाजारात जाऊन ध्वनिमुद्रिकांचे गठ्ठे चाळावेत. आज कोणालाही न आठवणारी कितीतरी सुमार गाणी त्यांत सापडतात, आणि काळाने निवडून ठेवलेली जुनी गाणी आजच्या सरसकट गाण्यांशी ताडणे किती अन्यायाचे आहे, हे तिथेच ध्यानात येते. म्हणून एखाद्या जुन्या वर्षातील बरीवाईट सगळी लोकप्रिय गाणी घ्यावीत आणि यंदाचीही तशीच घ्यावीत.

ऐकताना दोन्हींचा आवाज सारखा ठेवावा, कारण मोठ्याने वाजणारे गाणे कानाला उगाचच सरस वाटते. चाल, शब्द आणि वाद्यमेळ यांचा विचार स्वतंत्रपणे करावा. गायनाबाबत मात्र विशेष सावध राहावे: १९९७ मध्ये आलेल्या ऑटो-ट्यून या संगणकीय प्रणालीमुळे बेसूर जागा सुरात आणता येतात, अगदी ध्वनिवर्धकावरील प्रत्यक्ष गायनातही; त्यामुळे गळ्याची खरी पारख ध्वनिवर्धकाविना होणाऱ्या प्रत्यक्ष गायनातच होते.

स्पेनमधील संशोधकांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १९५५ ते २०१० या काळातील साडेचार लाखांहून अधिक, मुख्यतः पाश्चात्त्य, ध्वनिमुद्रणे तपासली होती. स्वरक्रमांतील व ध्वनिरंगांतील (म्हणजे वाद्यांच्या व गळ्यांच्या नादाच्या पोतातील) वैविध्य घटल्याचे आणि आवाजाची पातळी वाढल्याचे त्यांना आढळले. हा पुरावा मला गंभीर वाटतो. परंतु त्यावरून प्रतिभा आटली असे ठरवू नये, आणि मराठी गाण्यांना तो निष्कर्ष जसाच्या तसा मुळीच लावू नये.